लोगो येतो कुठून? जुन्या नक्षीपुस्तकांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर कॉम्प्युटरच्या शेजारी पाठकोर कागदांचे गठ्ठे, जुन्या छपाईच्या प्रती आणि एक फाटकं रांगोळीचं पुस्तक असतं. लोगो करून घ्यायला आलेला माणूस आधी त्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. त्यानंतर जे प्रश्न येतात, ते वर्षानुवर्षं साधारण हेच आहेत.

लोगो डिझायनरच्या डोक्यातून येत नाही का?

येतो ना. पण डोक्यात तो आधी कुठून तरी गेलेला असतो.

व्हेनिसमध्ये अल्दुस मनुशियस नावाचा एक छापखानेवाला होता. १५०२च्या सुमारास त्याच्या पुस्तकांवर नांगर आणि त्याला विळखा घातलेला डॉल्फिन दिसू लागला. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध प्रकाशनचिन्हांपैकी हे एक. ते त्यानं कागदावर रेघोट्या मारता मारता शोधलं नव्हतं. पिएत्रो बेंबो या विद्वान मित्रानं त्याला रोमन सम्राट टायटसच्या काळातलं एक नाणं भेट दिलं होतं, त्यावर हीच जोडी होती. म्हणजे चिन्ह हाती आलं तेव्हाच ते चौदाशे वर्षांचं होतं. अल्दुसनं ते ओळखलं, आणि ‘सावकाश घाई कर’ या अर्थाच्या जुन्या वचनाशी जोडलं. त्याचं काम एवढंच, पण ते एवढंच काम कुणालाही जमत नाही.

आजच्या मोठ्या कंपन्यांचे लोगोही असेच जुन्या पुस्तकांतून आलेत?

एक तर तुमच्या हातातल्या कपावरच असेल.

१९७१ साली सिएटलमध्ये स्टारबक्सचं पहिलं दुकान निघालं. नाव समुद्रकथेतलं, शहर बंदराचं, म्हणून टेरी हेकलर हा डिझायनर जुनी सागरी पुस्तकं चाळत बसला. त्यात त्याला दोन शेपटांची जलपरी सापडली. ते चित्र सोळाव्या शतकातलं नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडचं, लाकूडठसा होतं, असं कंपनीच्या बाजूनं बरीच वर्षं सांगितलं गेलं. ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण दोन शेपटांची जलपरी कुणा एका पुस्तकाची किंवा एका देशाची नाही. इटली-फ्रान्समधल्या बाराव्या शतकातल्या चर्चच्या खांबांवर ती दोन्ही हातांत दोन शेपट्या धरून बसलेली आहे. तिथून ती हस्तलिखितांत गेली, मग छापील पुस्तकांत, आणि शेवटी कॉफीवर.

मला या कथेत आवडतो तो पुढचा भाग. पहिली जलपरी तपकिरी, अंगभर रेषांची, उघड्या छातीची होती. १९८७ साली ती हिरवी झाली आणि केस छातीवर आले. १९९२ साली चौकट जवळ सरकली, शेपट्यांची फक्त टोकं उरली. २०११ साली भोवतीची अक्षरंही गेली. आधीच्या चित्रातलं काय काय काढून टाकलं ते क्रमानं बघा, लोगोचं सगळं शिक्षण त्यात आहे. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा भोवती दगडी कोरीवकामाच्या इमारती आणि मधे ही बाई. मला ती तिथे मुळीच परकी वाटली नाही.

‘नक्षीपुस्तक’ म्हणजे नेमकं काय? मी तर असं काही पाहिलेलं नाही.

पाहिलंय तुम्ही. दिवाळीच्या आधी फुटपाथवर मिळणारं ठिपक्यांच्या रांगोळ्यांचं पुस्तक म्हणजे नक्षीपुस्तकच. एकवीस ते अकरा ठिपके, मधून मधून, खाली रेषा जोडून दाखवलेलं कमळ. आईच्या ट्रंकेतलं भरतकामाच्या नमुन्यांचं पुस्तक, मेंदीचं पुस्तक, तीही त्याच घराण्यातली.

युरोपात ही पुस्तकं छापायला लागली १५२०च्या दशकात, जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये. मग व्हेनिस, मग पॅरिस. गिऱ्हाईक म्हणजे भरतकाम करणाऱ्या बायका, विणकर, लेस करणारे. त्यातली फार थोडी पुस्तकं आज उरलीत, आणि त्याचं कारण मोठं गोड आहे: ती वापरली गेली. नमुना कापडावर उतरवायचा तर पान फाडायचं, रेषेवरून सुईनं भोकं पाडायची आणि वरून कोळशाची पूड चोळायची. आपल्याकडे जरीकाम करणारे कारागीर खाका उतरवतात तो अगदी असाच. जे पुस्तक उपयोगाचं ठरलं ते संपलं. संग्रहालयात पोचलं ते बहुतेक कुणी न वापरलेलं.

सगळे डिझायनर एका जाडजूड इंग्रजी ग्रंथाचं नाव घेतात. तो कोणता?

ओवेन जोन्सचा ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’, लंडन, १८५६. शंभर रंगीत पानं. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घेऊन छापलेली, म्हणजे क्रोमोलिथोग्राफी. जोन्स वास्तुकार होता. त्यानं तरुणपणी स्पेनमधल्या अल्हांब्रा राजवाड्याच्या भिंती इंच इंच मोजून काढल्या होत्या आणि १८५१च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या इमारतीची आतली रंगसंगतीही ठरवली होती. त्या प्रदर्शनात भारतातून गेलेलं कापड आणि धातूकाम त्यानं पाहिलं आणि तो हरखून गेला. पुस्तकातला भारतीय नक्षीचा भाग बराचसा त्यातूनच आलाय. बाकी काही प्रकरणांची नावं आणि त्यातला रानटी-सुसंस्कृत असा भेद आज वाचवत नाही, हेही सांगून ठेवते.

पुस्तकाच्या सुरुवातीला त्यानं ३७ सूत्रं दिली आहेत. त्यातलं एक माझ्या रोजच्या कामाचं आहे. फूल जसंच्या तसं नक्षीत आणू नका, फुलाची ओळख पटेल एवढाच त्याचा नेमका आकार आणा, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे गुलाबाचं चित्र हा लोगो नव्हे. काय काय काढल्यावरही गुलाब गुलाबच राहतो, ते शोधणं हे काम.

गंमत अशी की प्रस्तावनेतच त्यानं भीती व्यक्त केली होती, की लोक हे पुस्तक समोर ठेवून सरळ नकला करतील. पुढची दीडशेहून जास्त वर्षं भिंतीचा कागद, फरश्या, डबे, गालिचे करणाऱ्या लोकांनी नेमकं तेच केलं.

मग आदर्श कुठला मानायचा? नक्कल न करता जुन्यातून नवं कुणी केलंय?

जपान. याचं उत्तर मी नेहमी जपान देते, आणि जरा लांबवून देते.

जपानी घराण्यांना ‘मोन’ असतं, म्हणजे कुलचिन्ह. किमोनोवर पाठीला, बाह्यांवर ते काढावं लागे, त्यामुळे रंगाऱ्यांकडे शेकडो मोनांची छापील पुस्तकं असत. गिऱ्हाइकानं पानावर बोट ठेवायचं आणि रंगाऱ्यानं कंपासनं ते नेमकं आखायचं. या पुस्तकांची जादू अशी की त्यात चित्रांसोबत चित्र बदलण्याच्या रीतीही दिसतात. तेच पान एकदा मोकळं, एकदा वर्तुळात, एकदा तीन पानं देठाशी जोडलेली, एकदा नुसती बाह्यरेषा. थोरल्या घराचं चिन्ह आणि धाकट्या शाखेचं चिन्ह यांत फक्त एका कड्याचा फरक. आजचे ब्रँडवाले ज्याला लोगो सिस्टिम म्हणून मोठं बिल लावतात, ती ही.

मित्सुबिशीचा लोगो घ्या. ‘मित्सु’ म्हणजे तीन, ‘हिशी’ म्हणजे शिंगाडा, आणि शिंगाड्याच्या आकारावरून पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरपा चौकोन. संस्थापक इवासाकी यांच्या घराण्याच्या मोनात असे तीन चौकोन एकावर एक रचलेले होते. ते ज्या तोसा संस्थानात वाढले, तिथल्या यामानोउची सरदारांच्या मोनात ओकची तीन पानं मध्यापासून तीन दिशांना फाकलेली होती. चौकोन घरचे आणि मांडणी धन्याची, दोन्ही एकत्र केलं की आज गाडीच्या नाकावर दिसतं ते चिन्ह. दोन जुनी चिन्हं, नवीन रेषा एकही नाही, तरी तिसरंच काहीतरी.

सोया सॉसच्या बाटलीवरचं किक्कोमान बघा. ‘किक्को’ म्हणजे कासवाची पाठ, हा षटकोनी नमुना जपानी कापडावर सर्रास असतो. ‘मान’ म्हणजे दहा हजार. षटकोनाच्या आत ते अक्षर ठेवलं. कासव दहा हजार वर्षं जगतं अशी त्यांची समजूत, म्हणून. आता हे सांगितल्यावर ती बाटली पुन्हा साधी दिसणार नाही.

आपल्याकडे अशी पुस्तकं नव्हती का?

कारागिराकडे नमुना हातात आणि तोंडी असायचा. पैठणीचा विणकर नारळी काठ किंवा बांगडी मोर पुस्तकात बघून विणायला शिकला नाही. मोठी छापील पुस्तकं झाली ती इंग्रजांच्या काळात, आणि ती कुणासाठी झाली ते लक्षात ठेवलेलं बरं.

१८६६ साली फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाचे नमुने १८ खंडांत बांधले. त्यात चित्रं नव्हती, खऱ्याखुऱ्या धोतर-पागोट्यांचे ७०० तुकडे कापून चिकटवले होते. असे २० संच केले, त्यातले १३ ब्रिटनमध्ये ठेवले. उद्देश स्वच्छ होता: इथल्या लोकांना काय आवडतं ते मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना कळावं आणि तसंच कापड त्यांनी इथे विकावं. इतकं सुंदर आणि इतकं चीड आणणारं नक्षीपुस्तक दुसरं नसेल.

जयपूरमध्ये सॅम्युअल स्विंटन जेकब यांनी १८९०पासून राजस्थान आणि दिल्ली-आग्रा भागातल्या इमारतींचे तपशील मोठ्या सुट्या पानांवर काढून छापले. एक संच कमानींचा, एक जोत्यांचा, एक खांबांचा. पानं मुद्दाम सुटी, म्हणजे कारागिराला हवं ते समोर टांगता यावं.

आणि मुंबई. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भिंतींच्या प्रती करत. हे काम १८८५पर्यंत चाललं. त्यातल्या लंडनला गेलेल्या कितीतरी प्रती त्याच वर्षी तिथल्या एका आगीत गेल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी वीसेक वर्षं खपून केलेल्या प्रतीही १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेस या इमारतीच्या आगीत जळाल्या होत्या. अजिंठ्याच्या नशिबात काय होतं कोण जाणे. ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६-९७मध्ये निघाले. सगळे पद्मपाणीचं पान उघडतात. तुम्ही छताची पानं उघडा. पहिल्या लेण्याच्या छतावर चौकोनी घरं पाडली आहेत आणि प्रत्येक घरात एक गोष्ट: कमळं, हंस, कमळांतून धावणारा हत्ती. चौकोनात मावणारी, लांबून ओळखू येणारी, एकमेकांशी नातं सांगणारी. मोबाइलच्या पडद्यावरची ॲप्सची चित्रं याहून वेगळं काय करतात?

पुस्तकाबाहेर कुठे बघायचं?

कोकणात आणि गोव्यात कावीकाम केलेली देवळं बघा. पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा ओला थर द्यायचा आणि तो सुकायच्या आत टोकदार हत्यारानं खरवडून नक्षी उघडी करायची. रंग दोनच, छटा नाहीत, चूक झाली तर पुसता येत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते, की एका रंगात विचार करायला शिकायचं असेल तर आठवडाभर कॉम्प्युटर बंद करा आणि हे बघून या.

जुन्या वाड्यांच्या तुळया, घराघरातली फुलाफुलांची फरशी, विडीच्या बंडलावरची आणि काड्यापेटीवरची ‘छाप’. ‘अमुक छाप द्या’ म्हणून माल मागणाऱ्या, वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हत्ती, घोडा, चंद्र, छत्री ही चिन्हं झाली. लोगोची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

जुन्या नक्षीचा लोगो प्रत्यक्षात कसा करता?

आधी हातानं गिरवते. पाठकोर कागद, पेन्सिल, खिडकीची काच. गिरवताना कळतं की फांदी नेमकी कुठून वळली, कारागीर कुठे थकला, ठसा कुठे घसरला. स्कॅन करून सॉफ्टवेअरला ‘ट्रेस’ करायला लावलं तर ते शाई पसरलेले डागसुद्धा इमानेइतबारे नक्षी समजून घेतं.

मग काढायला लागते. बारा पाकळ्यांच्या आठ, आठच्या सहा. ज्या घटकेला कमळाचं कमळपण जातं, तिथून एक पाऊल मागे. जाड-बारीक रेषांचं प्रमाण नव्यानं ठरवावं लागतं, कारण जुनी नक्षी हातभर काठासाठी असते आणि लोगो नखाएवढा दिसणार असतो.

शेवटी दोन चाचण्या. एक, त्याचा रबरी शिक्का करून बिलबुकावर उमटवायचा. आतल्या फटी शाईनं भरल्या तर परत टेबलावर. दोन, तो रिक्षाच्या मागे लावलाय आणि आपण दुचाकीवर आहोत असं समजून तीन सेकंद बघायचं.

जुनी पुस्तकं आहेत म्हणजे त्यातलं काहीही फुकट वापरता येतं?

भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो. ओवेन जोन्स १८७४ साली गेले, ग्रिफिथ्स १९१८ साली. त्यांची चित्रं मोकळी आहेत. पण जुन्या नक्षीवरून कुणी आज नवं रेखाटन केलं असेल तर ते रेखाटन त्याचं. ‘व्हिंटेज’ असं नाव दिलेली फाइल विकत घेतलीत तर सोबतच्या अटी वाचा. बऱ्याच जणांनी लोगोसाठी वापर बंद केलेला असतो.

मग ट्रेडमार्क मिळतो का अशा लोगोला?

मिळतो, तुमचं चिन्ह तुमचंच म्हणून ओळखू येत असेल तर. जशीच्या तशी उचललेली नक्षी दुसराही उचलू शकतो, आणि मग भांडायला तुमच्याकडे फारसं काही उरत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. सुरुवातीच्या काळात एका उदबत्तीवाल्यासाठी मी जुन्या छापील पानावरचा मोर फक्त रंग बदलून दिला होता. दोन महिन्यांनी तोच मोर, तीच मान, एका लग्नपत्रिकेवर माझ्याच घरी आला. मी त्या गिऱ्हाइकाला नवा लोगो विनामूल्य करून दिला. तो मोर अजून भिंतीवर टाचलेला आहे, मलाच दिसावा म्हणून.

ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कची नोंद १ जानेवारी १८७६ला सुरू झाली. पहिला क्रमांक बास नावाच्या बिअरच्या लाल त्रिकोणाला मिळाला. नुसता त्रिकोण! आज कुणी असा नेऊन दिला तर नोंदणीला नाकी नऊ येतील. भारतात १९९९चा कायदा लागू आहे. नोंद १० वर्षांसाठी होते आणि पुढे वाढवता येते. अर्ज भरण्याआधी या विषयातल्या वकिलाला गाठा, मी चित्रं काढते.

वारलीचा लोगो करून द्याल का? सध्या चालतंय.

आधी सांगा, कशासाठी. लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर चौक काढतात, मधे पालघाट देवी असते, ते पूजेचं चित्र आहे. ते मी चिवड्याच्या पाकिटावर ठेवणार नाही, दारूच्या बाटलीवर तर नाहीच. नाचणाऱ्या माणसांची साखळी हवी असेल, तर ते काम मी काढण्यापेक्षा वारली चित्रकाराकडून करून घ्या, त्याचं नाव टाका, पैसे द्या. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पैठणीलाही. पण कायद्याचं सोडा, त्रिकोणाला त्रिकोण जोडून झालेली माझी वारली ही वारलीची टिंगल दिसते. करून पाहिलंय.

एआयला सांगितलं तर दोन मिनिटांत होईल ना?

होईल. ते मोर देईल, मी वर सांगितलेल्या मोरासारखा.

ही पुस्तकं बघायला कुठे मिळतील?

‘इंटरनेट अर्काइव्ह’वर ओवेन जोन्स पूर्ण स्कॅन केलेला आहे. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७पासून आपल्या मोकळ्या झालेल्या कलाकृतींची लाखो छायाचित्रं कुठल्याही वापरासाठी खुली केली, त्यात युरोपातली जुनी नक्षीपुस्तकं आणि जपानी ठसे दोन्ही आहेत. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियमही तसंच उदार आहे. आणि मुंबईत फोर्टात फुटपाथवर रद्दीची पुस्तकं विकणाऱ्यांकडे अजून अचानक काहीतरी हाती लागतं. भाव करताना चेहऱ्यावर आनंद दाखवू नका.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

मोबाइलवरचे आवडत्या लोगोंचे स्क्रीनशॉट नकोत. ते मीही पाहिलेत. आजोबांच्या दुकानाचं जुनं बिल असेल तर ते आणा. पाटीचा फोटो, आजीची रांगोळीची वही, देव्हाऱ्यावरची कोरलेली पट्टी, साडीचा जुना काठ, पितळी डब्याचं झाकण. एक बाई नुसतं किल्लीचं कुलूप घेऊन आल्या होत्या, वडिलांच्या पेढीचं. त्याच्या तोंडाभोवती सहा पाकळ्या कोरलेल्या होत्या. आम्ही तासभर तेच बघत बसलो, आणि चहा गार झाला.